वीतभर उंच झालेली जीप

मेडशीच्या पुढं डांबरी सडक सोडली की धरमसिंगच्या तांड्याकडे जायला एकच पांदण. दोन्ही अंगांना सोयाबीन आणि मधे काळी माती. उन्हाळ्यात तिच्यावरून लेकरं सायकली पळवतात. पावसाची झड लागली की तीच माती बैलाचाही पाय सोडत नाही. या पांदणीवर धरमसिंगची जुनी जीप चालायची. कुणी आजारी पडो, कुणाची पोर नांदायला निघो, बाजाराला बकरी न्यायची असो, "धरमसिंगले सांगा" म्हटलं की तांडा निर्धास्त. माणूस तसा अबोल, पण रोज सकाळी ओल्या फडक्यानं जीपचं तोंड पुसल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. हिरीबाई, त्याची बायको, चुलीपाशी बसून म्हणायची, "मागच्या जल्मी हे खटारंच याइची बायको असन. मी उगीच मंधात आली."

मग हिरीबाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वाशीमला जायचं, मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, तेवढ्यावर तिचा जीव. पहिल्या वर्षी धरमसिंग आभाळाकडे बघूनच राहायचा. ढग दाटले की मशीनच्या पाळीच्या आदल्या दिवशीच तिला बाहेर काढायचा आणि सडकेवरच्या ओळखीच्या घरी मुक्काम करायचा. तरी एका झडीत जीप पोटापर्यंत फसली आणि पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी हिरीबाईला श्वास पुरेना. चौघांनी बाजेवर घालून तिला सडकेपर्यंत नेलं. बाजेचा एक कोपरा भाऊसिंगच्या खांद्यावर होता. भाऊसिंग म्हणजे धरमसिंगचा थोरला भाऊ, हिरीबाईचे भासरे. लग्न होऊन आल्यापासून जिनं त्यांच्यासमोर तोंडावरचा पदर वर केला नव्हता, की कधी मोठ्यानं शब्द काढला नव्हता, ती त्यांच्याच खांद्यावरून चालली होती.

वाचली. घरी आल्यावर मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेल्यावर नेते तसं नेलं मले. आता अशी नाई जात मी कुठी."

धरमसिंगनं ते काळजात धरलं. दुसरा पावसाळा लागायच्या आत तो जीप घेऊन रिसोडला युसूफकडे गेला. युसूफचं टायरचं दुकान. दोघांची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची.

"मोठे टायर टाकून दे, युसूफभाई."

"काहून? या वयात डोंगर चढतं काय?"

"पांदण चढतो."

युसूफ हसायचा थांबला. त्याला हिरीबाईचं सगळं ठाऊक होतं. होळीला तिच्या हातच्या पुरणपोळ्या त्याच्या घरी यायच्या आणि ईदला त्याची बायको सबिहा तिच्यासाठी शिरखुर्म्याचा डबा बाजूला काढून ठेवायची. अकोल्याकडच्या कुणा हौशी माणसानं आपल्या जीपचे उतरवून विकलेले टायर दुकानात मागं पडले होते. रुंद, उंच, ट्रॅक्टरच्या चाकासारखे खोल दात असलेले. युसूफनं ते लोळवत पुढं आणले. नुसते टायर बसवून भागणार नव्हतं. चाक वळवलं की मडगार्डला घासत होतं, म्हणून मडगार्डची कड कापली. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे देऊन गाडीचं अंग वर उचललं. जॅक काढला तेव्हा जीप चांगली वीतभर उंच झाली होती. रिसोडच्या रस्त्यात ती अनोळखी जनावरासारखी उभी राहिली.

"ब्रेक आता जरा आधी दाबत जाय," युसूफ म्हणाला. "चाक मोठं झालं, थांबाले वेळ घेते. अन् भाभी चढतीन कशा? खाली एक पायदान जोडून देऊ?"

"तेच चिखलात अडकीन ना. येवढी वर उचलली अन् खाली लोंबतं ठेवलं त काय फायदा? मी देईन तिले चढवून."

त्यानं हे सहज म्हटलं. आजारपणात तो बायकोचे केस विंचरत होता, पाय चेपत होता, कधी कधी लुगडंही नेसवत होता. पण ते सगळं दाराच्या आत होतं.

आषाढात झड लागली आणि जीपनं पांदण अशी कापली की तांडा बघायला जमला. ज्या खड्ड्यात मागल्या वर्षी ती बसली होती, तिथून चिखल उडवत निघाली. लिंबाच्या पारावर बसलेल्या भाऊसिंगनंही मान डोलावली. धरमसिंगच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू होतं. त्यानं आतून लाकडी स्टूल आणून जीपजवळ ठेवलं.

"चाल, नवीनची माय." तो तिला लेकाच्या नावानंच हाक मारायचा.

हिरीबाईनं पदर पुढं ओढला, स्टुलावर पाय दिला. सुजलेले पाय, त्यात गुडघे वाकत नव्हते. दुसरा पाय वर जाईना. लुगडं पोटरीवर आलं, तिनं ते घाईनं खाली ओढलं आणि तेवढ्यात स्टुलाचा एक खूर चिखलात रुतला. ती कलली. धरमसिंगनं झटकन कमरेत हात घालून तिला उचललं आणि धान्याच्या पोत्यासारखी आत ठेवली. पदर खांद्यावरून खाली आला होता. पारावरचे म्हातारे दुसरीकडे बघू लागले. कुणीतरी पोरगं फिदकन हसलं.

वाशीमपर्यंत हिरीबाई बोलली नाही. धरमसिंगला वाटलं, थकली असेल. तो स्वतःच्याच खुशीत होता. "पाह्यलं, एकबी जागी नाई थांबली," तो म्हणाला. तिनं हुं केलं.

त्यानंतरच्या पाळीला ती म्हणाली, "आज बरं वाटून राह्यलं मले. उद्या जाऊ."

पूर्वी असं म्हटलं असतं तर धरमसिंगनं तिला रागे भरून नेलं असतं, कारण उद्या पांदण जाऊ देईल याचा काय भरवसा. आता ती भीतीच उरली नव्हती. गाडी कवाबी निघते, मग कायले घाई, असं त्यालाही वाटलं. उद्याचा परवा झाला. कधी पारावर माणसं नसली की ती मुकाट्यानं निघायची. भाऊसिंग बसलेले दिसले की नेमकं त्याच दिवशी तिला बरं वाटायचं. धरमसिंगला हा मेळ कळला नाही. बायको बरी होत चालली, असंच तो लोकांना सांगत होता. युसूफलाही फोनवर म्हणाला, "तुये टायर लागले तिले."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत पाणी भरलं. या वेळी तिला विचारायची वेळच नव्हती. धरमसिंगनं उचललं, जीप पांदणीतून एका दमात सडकेला लागली, कुठं अडली नाही, घसरली नाही. मालेगावच्या अलीकडं हिरीबाईची मान त्याच्या बाजूला पडली.

तेरवी झाल्यावर युसूफ आणि सबिहा भेटायला आले. नवीन, धरमसिंगचा मुलगा, पुण्याच्या कंपनीतून आलेला होता. तोच म्हणाला, "मायले काय झालं होतं मधात? पाळ्या काहून चुकवल्या तिनं?"

धरमसिंगलाही ते कळलं नव्हतं. तेव्हा दाराआडून, तांड्यावरच सासूजवळ राहणारी सून उज्ज्वला बोलली. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे.

"आत्याबाईले चढता येत नव्हतं, मामाजी. पारावरच्या मोठ्या मामाजीइसमोर तुमी उचलता, त्याची लाज वाटे त्याइले. मी म्हटलं, सांगते तुमाले. त त्याइनं शपथ घातली. म्हणे, येवढ्या हौसेनं टायर टाकले त्याइनं, त्याइचं मन नको मोडू."

सबिहानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

"घेऊन ये गाडी," युसूफ म्हणाला. "काढून टाकतो. जुने ठेवलेत मी."

"नको," धरमसिंग म्हणाला. "शेजारच्या भिमाच्या सुनेले नववा महिना लागला. पाऊस अजून गेला नाई."

एवढं बोलून तो उठला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला.

जीप अजून तशीच उंच आहे. पण आता ती सुरू करायच्या आधी धरमसिंग पारापाशी येतो, हात जोडतो आणि म्हणतो, "गडीमाणसं सारे वळणापर्यंत पुढं व्हा. तिथून घेतो तुमाले." आधी लोक कुरकुरले. चिखलात चालायला कुणाला आवडतं? धरमसिंगनं कारण कधी सांगितलं नाही. पहिल्यांदा उठले ते भाऊसिंग. काठी टेकत, धोतर वर खोचत ते चिखलात उतरले आणि मागं न बघता चालू लागले. त्यांच्यामागं बाकीचे निघाले.

मग उज्ज्वला आणि दोन बायका मिळून बाळंतपणाची, आजारपणाची जी कुणी असेल तिला वर घेतात. धरमसिंग स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसतो. आतून "बसली" असा आवाज आला तरी तो लगेच निघत नाही. पदर सावरायला लागतो तेवढा वेळ देतो.