दोन गाड्या, एक पासिंग

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मुरबाडहून कल्याणला दोन जुन्या गाड्या एकामागोमाग निघाल्या. पुढची माझ्या धाकट्या जावेची, सुरेखाची. मागची माझी.

दोघा भावांनी पंधरा वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच दुकानातून या गाड्या घेतल्या होत्या... म्हणजे आमच्या नवऱ्यांनी. हल्ली दोन्ही आम्हीच चालवतो. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा तपासून पास करून घ्यावी लागते, म्हणून आरटीओची तारीख एकाच दिवशीची घेतली.

माझी गाडी पाहिलीत तर सात-आठ वर्षांची वाटेल. मी मुरबाडला शिक्षिका, शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे गाडी कव्हरखाली, दर रविवारी शॅम्पूने धुतलेली, सीटवर विणलेली कापडं. सुरेखा धसईच्या बाजूला गावात राहते, तिचं कोंबड्यांचं शेड आहे. तिच्या गाडीत खाद्याच्या गोणी, अंड्यांचे ट्रे, कोपऱ्यात पिसं... दाराला पोचा.

तरी आमच्या सासूबाई तिच्याच गाडीत बसतात. त्या दिवशी त्यांना कल्याणला बहिणीकडे सोडायचं होतं. मी दार उघडून उभी होते. त्या म्हणाल्या, "सुरेखाच्या गाडीत बरा वाटतो, पाय मोकळे ठेवता येतात." आणि जाऊन मागच्या सीटवर बसल्या.

आता खरं लिहिते... मुरबाड सोडल्यावर पहिल्याच गतिरोधकाला मला दिसलं, सुरेखाचा डावीकडचा ब्रेकलाइट लागत नाही. थांबवून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही.

मनात आलं, होऊ दे नापास. सगळ्या घराला कळू दे की गाडी कशी सांभाळतात ते. तिच्याबद्दल असं वाटण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. गावातला कुणीही आजारी पडला की फोन तिला, पाहुणे आले की जेवण तिच्याकडे... मी नोकरीवाली, म्हणून आदर मला. माया सगळी तिला.

सासूबाईंना सोडल्यावर आरटीओच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. सुरेखाने गाडीभोवती एक फेरी मारली, मला ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागून बघितलं. मग डिकीतल्या डब्यातून बल्ब काढून स्वतःच बसवला.

"तुमी तर मागंच होता ना ताई... तुमाला दिसला नाय?"

"नाही गं," मी म्हणाले.

आधी तिची गाडी तपासली. साहेबांनी पोच्याकडे पाहिलं, पिसांकडे पाहिलं, दोनदा शिंकले. पण लाइट, वायपर, हॉर्न, ब्रेक सगळं ठीक. गाडी पास.

मग माझी. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या, उजेड अपुरा. टायरची नक्षी जशीच्या तशी, पण उभं राहून राहून बाजूंना तडे गेलेले. हँडब्रेक ओढला आणि गाडी उतारावर सावकाश मागे सरकली...

"बाहेरून छान ठेवलीय मॅडम," साहेब म्हणाले. "चालवत मात्र नाही वाटतं."

त्यांनी साधं सांगितलं होतं. मला मात्र सगळ्या लाइनीसमोर कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आणि शेजारी सुरेखा हातात पास झाल्याचा कागद घेऊन उभी... त्या क्षणी ती मला सहन होत नव्हती.

तिला घरी जाता आलं असतं. गेली नाही. जवळच्या गॅरेजमध्ये माझ्यासोबत आली. मेकॅनिकने मागचं चाक उतरवलं तर आत सगळं गंजलेलं. "मागचे ब्रेक नावालाच होते," तो म्हणाला. "घाटात नेली असती तर काय खरं नव्हतं." पुढच्या आठवड्यात मी याच गाडीने माळशेजला जाणार होते, आईवडिलांना घेऊन.

सुरेखा खाली वाकून त्याला सतरा प्रश्न विचारत होती. माझ्या गाडीसाठी. मला राहवलं नाही.

"सुरेखा, तुझा ब्रेकलाइट मी बघितला होता. मुरबाडपासूनच."

ती उठली. हात पुसले.

"मागं आई बसल्या होत्या, ताई."

एवढंच. काम होईपर्यंत थांबली मात्र. घरी येताना ती पुढे होती, मी मागे... आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

चार दिवस तिचा फोन नाही. टायर, केबल, काचा बदलून मी पुन्हा एकटीच आरटीओला गेले. गाडी पास झाली. तिला कागदाचा फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "बरा झाला. आता रोज चालवा. आणि रविवारी खाद्य आणायचाय, तुमची गाडी घेऊन या."

गेले. विणलेली कापडं घरी काढून ठेवली आणि चार गोणी मागच्या सीटवर घातल्या. उतरवताना ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलली.

ज्या साहेबांनी गाडी नापास केली, त्यांचे मनापासून आभार. आईवडील माळशेजला जाऊन सुखरूप परत आले.

तिच्यावर जळणं थांबलं, असं लिहिणार होते... पण ते खोटं ठरेल. परवा सासूबाईंना दवाखान्यात जायचं होतं, त्यांनी फोन तिलाच केला आणि माझ्या पोटात दुखलंच. यावेळी मी ते सरळ सुरेखाला सांगून टाकलं.

ती म्हणाली, "दुखू द्या ताई. फक्त सांगत जावा."