डाव्या हाताची शोभा

एलेनबाईंचा निरोप आला तेव्हा मी शाळेत खिचडीच्या रांगेपाशी उभी होते. फोनवर इंग्रजीत चारच ओळी होत्या. शोभा एका स्पर्धेहून दुसऱ्या गावी स्वतः गाडी चालवत निघाली होती, पाऊस होता, वळणावर गाडी घसरली... ती गेली. मी दोनदा वाचलं, फोन पर्समध्ये टाकला आणि उरलेल्या पोरांची ताटं भरेपर्यंत तिथंच उभी राहिले. सोबतच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, बहीण वारली. मला बहीण आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. देऊळगाव राजात फार कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगत नसे, कारण एकदा सांगितलं की माणसं पुढे तिच्याबद्दलच विचारत राहतात.

संध्याकाळी दिलीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फ्रान्समधल्या वर्तमानपत्रातली बातमी फोनवर उघडून दिली. मोठा फोटो होता. तांबड्या मातीचं कोर्ट, चेंडू वर उडालेला आणि शोभाचा डावा हात रॅकेटसकट मागे ताणलेला. त्याला आता सात आठवडे झाले. खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. तो फोटो पाहून रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, की मी गेले तर माझा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर दोन दिवस राहील आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं फाटेल.

आम्ही दोघी लोणार तालुक्यातल्या बीबीच्या. वडील ट्रॅक्टर उलटून गेले तेव्हा शोभा आईच्या पोटात होती. ती अडीच वर्षांची असताना आईही काविळीनं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची. मामांनी आम्हाला घरी नेलं, पण त्यांची स्वतःची चार लेकरं आणि मामी अंथरुणाला खिळलेली. कुणीतरी शहरातल्या एका बालगृहाचं सुचवलं. तिथल्या बाई घरी आल्या, आणि दोघी बहिणी आहेत तर दोघींनाही घेऊ, एकत्र ठेवू, असं म्हणाल्या. मी दाराआड उभी होते. मामा म्हणाले, "लहानीले न्या. मोठी राहू द्या, घरात कामाले हात पाहिजे." मामा वाईट नव्हते. मला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं, पुढे डी.एड.लाही पाठवलं. पण ते वाक्य मी आजतागायत विसरले नाही. वर्षभरात शोभाला फ्रान्सच्या एका जोडप्यानं, म्हणजे एलेनबाई आणि त्यांच्या नवऱ्यानं, दत्तक घेतलं. त्यांनी तिचं नाव बदललं नाही, फक्त त्यांना 'भ' म्हणता येईना, म्हणून ती शोबा झाली.

तिचं पहिलं पत्र बीबीला मामांच्या पत्त्यावर आलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी देऊळगाव राजात शिक्षिका. पत्र इंग्रजीत होतं. सातव्या वर्षी गावातल्या क्लबमध्ये टेनिस सुरू केलं, आता व्यावसायिक खेळाडू झाले आहे, तू माझी बहीण आहेस असं कागदपत्रांत सापडलं, लिहिशील का... सोबत फोटो. मोकळे केस, उन्हानं तांबूस झालेले खांदे आणि माझंच नाक. सातव्या वर्षी तिच्या हातात रॅकेट होती. मी त्या वयात तान्ह्या शोभाला कडेवर घेऊन शेण गोळा करत होते, आणि ते कुणाला पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं, छान लिहिलं. तेव्हापासून तिचे सामनेही बघू लागले. बघू म्हणजे फोनवर नुसते आकडे. जागतिक क्रमवारीत ती पहिल्या शंभरांत कधीच पोचली नाही. ट्युनिशिया, पोर्तुगाल, तुर्कस्तान अशा ठिकाणच्या लहान स्पर्धा खेळायची, आणि मी मधल्या सुट्टीत पटांगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहून तिचे गुण पुढे सरकताना पाहायची. दिलीपला वाटायचं, बहिणीवर हिचा किती जीव आहे. मी मात्र ती हरायची वाट पाहत असायची. तिचा डाव मोडला की त्या दिवशी वर्गात माझा आवाज मोकळा लागायचा.

एका वर्षी ती पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य फेरीत शिरली. आमच्याकडे मे महिना होता, कूलरसमोर बसून मी आकडे पाहत होते. पहिला सेट तिनं जिंकला. दुसरा गेला, तिसऱ्यात ती चार-दोन अशी पुढे होती, आणि तिथून हरली. मी उठले आणि आमरस करायला घेतला. "आज काय खास?" दिलीपनं विचारलं. मी म्हणाले, "सहज." तिकडे ती त्या वेळी कुठंतरी टॉवेलमध्ये तोंड घालून बसली असेल...

पुढे तिचा खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. तिनं लांबलचक पत्र लिहिलं, हात डोक्यावर जात नाही, केसही एलेन विंचरते. मी दोन ओळींत आराम कर म्हणून कळवलं. क्रमवारीतून तिचं नाव निघून गेलं आणि माझं बरं चाललं. पण वर्षभरानं ती पुन्हा खेळू लागली, अगदी तळापासून. सामन्याला चार माणसं, कपडे स्वतः धुवायचे, एका गावाहून दुसऱ्या गावी स्वतःच गाडी हाकायची. याचा मला आधीपेक्षा जास्त त्रास झाला. तोवर मी म्हणू शकत होते, की तिला सगळं आयतं मिळालं. आता तेही म्हणता येईना.

तीन वर्षांपूर्वी ती पुण्यात एका स्पर्धेसाठी आली. दुसऱ्या फेरीत हरली आणि गाडी करून जालन्यावरून थेट आमच्या दारात. एक दुपार ती माझ्या घरात होती. पुण्यात घेतलेला निळा कुर्ता घातला होता, त्याची किमतीची चिठ्ठी मानेशी तशीच लोंबत होती. दिलीप आमच्यात दुभाषा झाला. शेजारच्या काकू येऊन बसल्या आणि तिच्याकडे पाहतच राहिल्या. तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. तिचा तळवा माझ्याहून खडबडीत निघाला, याचंही मला नवल वाटलं आणि थोडं वाईटही.

जेवायच्या आधी ती हळूच म्हणाली, "तुला आई आठवते. मला काहीच आठवत नाही. मला तुझा हेवा वाटतो." दिलीपनं भाषांतर करायच्या आधीच मला ते कळलं. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे होतं.

पानं वाढली आणि ती डाव्या हातानं जेवू लागली. काकूंनी तोंड फिरवलं. शोभाच्या ते लक्षात आलं. मग तिनं विचारलं, आपल्या घरात कुणी डावखुरं होतं का? एलेन आणि तिचा नवरा दोघंही उजव्या हाताचे. प्रशिक्षक तिला नेहमी म्हणत, हा हात तुझं भांडवल आहे, कुणाकडून आणलास? सगळी कारकीर्द तिनं त्या डाव्या सर्व्हिसवर ओढली होती, आणि तो हात आला कुठून ते तिला ठाऊक नव्हतं.

आई डावखुरी होती. डाव्या हातानं विळा धरायची, डाव्या हातानं भाकर थापायची. त्यावरून आजी तिला बोलायची आणि ती हसून तशीच थापत राहायची. मी उजव्या हाताची. आईचं ते माझ्यात उतरलं नव्हतं, समोर बसलेल्या या मुलीत उतरलं होतं, जिला आईचा चेहराही ठाऊक नव्हता...

"नाही," मी म्हणाले. "कोणीच नव्हतं."

तिनं मान हलवली. घास उजव्या हातात घेतला आणि जेवण संपेपर्यंत लहान मुलासारखं सांडत उजव्या हातानंच जेवली. संध्याकाळी ती गेली. मग पत्रं आली, फोन झाले. सांगू सांगू म्हणत मी ते सांगितलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एलेनबाई इथं आल्या. सत्तरीच्या, बारीक, नवरा आधीच गेलेला. शोभा जिथं जेवली ती जागा त्यांना पाहायची होती. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. मला तेव्हाही वाटलं, की आई गेल्यावर माझ्यासाठी कुणी असं कधी... पण मग मी दिलीपला म्हणाले, "मी सांगते ते यांना नीट सांग. एक शब्द गाळू नकोस." आणि आईच्या हाताचं सांगितलं, माझ्या खोट्याचंही. दिलीप मध्येच थांबून माझ्याकडे पाहत राहिला. त्यालाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

एलेनबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कशी थापायची ती? मला दाखवाल?"

मी पीठ मळलं. परातीत गोळा ठेवून डावा हात लावला. पहिली भाकर उचलतानाच तुटली. दुसरी कशीबशी तव्यावर गेली, एका बाजूला जाड, कडा फाटलेल्या. एलेनबाईंनी ती जवळजवळ सगळी खाल्ली आणि अर्धा चतकोर रुमालात बांधून घेतला.

त्या गेल्यापासून रोजच्या भाकरींतली शेवटची मी डाव्या हातानं थापते. दिलीप ती आपल्या ताटात घेतो. अजून ती गोल येत नाही. शोभाच्या हातून पहिल्याच दिवशी गोल आली असती, असं थापताना वाटतं, आणि त्याचाही मला राग येतो.