सातबाऱ्यावरचं जंगल

सरकारचा शब्द अन् शब्द मनावर घेणारा माणूस मुरबाड तालुक्यात माझ्या सासऱ्यांशिवाय दुसरा झाला नाही, आणि झाला नाही हे तालुक्याचं नशीब! सिद्धगडाच्या पायथ्याला त्यांचं भाताचं शेत. नव्वदच्या सुमाराला त्याच्या एका कोपऱ्यात मेव्हण्यासाठी घर बांधायचं ठरलं, म्हणून सातबारा काढला, तर त्यावर लिहिलेलं ‘खासगी वन’. तीन पिढ्या जिथे भात पिकतोय तिथे कागदावर जंगल! आणि जंगलात घर बांधता येत नाही. दुसऱ्या कुणी चार शिव्या हासडल्या असत्या. सासरे तलाठ्याला म्हणाले, “सरकार बोलतं रान हाय, त रानच असंल. आपल्याला दिसत नाय येवढाच.”

मग सुरू झाले त्यांचे एकेक प्रकार. मी शहापूरला शिक्षक, दाराशी स्कूटर, त्यामुळे प्रत्येक प्रकाराला जावई हजर पाहिजे. एकदा म्हैस भातात शिरली, तर हे तिला दाव्याला धरून थेट वनरक्षकाच्या दारात. “तुमच्या जंगलान चरत होती. मीच पकडली. पावती फाडा.” तो बिचारा जेवत्या ताटावरून उठला आणि मलाच हात जोडू लागला. एकदा अर्ज दिला की आपल्या जंगलात उंदीर फार झालेत, खात्याने बंदोबस्त करावा. आणि त्याची पोच मागून घेतली. एकदा भाताची पेंढी वनखात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “ह्या तुमच्या रानातला झाड. जात कुठली ती लिवून द्या.” साहेब पोटभर हसले, चहा पाजला, आणि नोंद काढायचा आमचा अर्ज होता तिथेच ठेवला. हा भाबडेपणा की खोडी, मला आजवर कळलेलं नाही. बायकोला विचारलं तर म्हणे, “बाबा ना, तसलेच!”

पण कहर झाला तो झाडांचा. घरासाठी राखलेल्या कोपऱ्यातच त्यांनी ऐन आणि साग लावले. मी म्हटलं, “अहो मामा, घर काय झाडावर बांधणार?”

“नोंद निघंतवर सरकारला खोटा पाडायचा नाय, जावय,” म्हणाले, आणि माझ्या हातात हंडा दिला. डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं! पाणी मात्र मीच आणलं.

दरम्यान मेव्हण्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, सगळी एका खोलीत. कचेरीच्या खेपा घालून स्कूटरची टायरं झिजली. अखेर अकरा वर्षांनी स्थळपाहणीला साहेब आले. भाताचं शेत बघून त्यांनी मान डोलावली, मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग ते कोपऱ्यात गेले. ऐन चांगले घराच्या वर चढलेले, सागाची पानं सुपाएवढी. साहेबांनी वर पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘जागेवर झाडोरा आढळला, नोंद कायम ठेवावी.’

“अहो, ही झाडं नोंदीनंतर ह्यांनीच लावलीत!” मी अक्षरशः ओरडलो.

“तसा कागद आहे?” साहेबांनी विचारलं. उंदरांच्या अर्जाची पोच ट्रंकेत जपणाऱ्या माणसाकडे झाडांचा एकही कागद नव्हता.

महिन्याभरात मेव्हणा बायकामुलांना घेऊन कल्याणला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. टेम्पो वळणाआड गेला तसे सासरे त्या ऐनाखाली जाऊन बसले. अकरा वर्षांचं सगळं ऐकवायचंच, असं ठरवून मी त्यांच्या मागे गेलो. त्यांच्या हातात नातवाची एक चप्पल होती, घाईत राहिलेली. ती उलटीसुलटी करत त्यांनी विचारलं, “जावय, झाडा लावली नसती, त घर झाला असता ना?”

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. “छे हो, मामा,” मी म्हणालो, “तरी नसतंच झालं.”

“मंग बरा,” ते म्हणाले. सरकारवर ठेवला तेवढाच विश्वास त्यांनी माझ्यावरही ठेवला. निदान मला तसं दाखवलं.