आक्कांची रिकामी खाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. पोटात ठेवणं आता जमत नाही, एवढंच.

तासगावजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. माझं काम चोख, असं सगळे म्हणतात. तपासणीच्या चांगल्या शेऱ्याचं पत्र दारातच फ्रेम करून लावलंय. मी रोज त्याच्याखालून जाते — मान वर न करता.

आमच्याकडे एक आक्का होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा फौजेत. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "सिस्टर, तुमी हाय म्हणून मी हितं निर्धास्त हाय." आक्कांसारख्या खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, तक्त्यात वेळ टाकून सही करायची असते. अवघड आहे का? बेदाण्याचा हंगाम लागला, आश्रमात मदतीला असलेल्या दोन्ही मावशी बेदाण्याच्या शेडवर कामाला गेल्या, मी एकटी पडले — नाही, हे राहू दे. एकटीला का होईना, दोन हात होते. मी आक्कांना वळवलं नाही. पाठीला जखम झाली. आधी नुसती लाल, मग रुपयाएवढी, मग... तळहाताएवढी.

तपासणीचा निरोप आदल्या दिवशी आला. पंधरा दिवसांचा तक्ता मी एका बैठकीत भरला. निळ्या आणि काळ्या, दोन पेनांनी — पाळ्या वेगळ्या वाटाव्यात म्हणून. डावी कूस, पाठ, उजवी कूस. काय सुबक अक्षर माझं!

पण जखम कुठे ठेवणार? आश्रमाच्या मालकांनी काही सांगितलं नव्हतं, ही अक्कल माझीच. आमच्या मागेच शेजाऱ्यांचं बेदाण्याचं शेड, आणि आक्कांचा जन्म बेदाणा निवडण्यात गेलेला. सकाळी म्हटलं, आक्का, चला बेदाणा बघायला. चाकांच्या स्ट्रेचरवरून नेलं, आणि तिथेच ठेवून आले. इतक्या हरखल्या!

तपासणीला आलेल्या मॅडमनी रिकाम्या खाटेकडे बोट केलं. मी म्हणाले, लेकाकडे गेल्यात. पापणीही लवली नाही माझी. त्यांनी ती पाठ पाहिली असती, तर आक्का त्याच दिवशी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या असत्या. हे मला तेव्हाही कळत होतं — अगदी तेव्हाही.

दुपारी आणायला गेले. तीन तास त्या जखमेवरच पडून होत्या, चादर पाठीला चिकटलेली. त्यांनी मूठ उघडली. आत निवडलेले बेदाणे. "लय दिसांनी बाहीर आणलंस गं बाई. तुझ्यासाठी चांगलं चांगलं निवडलंया." मी ते तिथेच उभी राहून खाल्ले. गोड होते.

नंतर तरी दवाखान्यात पाठवायचं की नाही? तक्ता खोटा पडला असता. ताप चढला तेव्हा पाठवलं. सांगलीहून आक्का परत आल्या नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा सामान न्यायला आला. खाटेशी तो तक्ता अजून लटकत होता. त्याने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "दर दोन तासाला! आमी पोरांनी बी एवढं केलं नसतं," म्हणाला, आणि माझ्या पाया पडायला वाकला.

मी त्याला वाकू दिलं.