गोड आवाजाचा खलनायक

आमचे मामा बसस्थानकावर उद्घोषक आहेत. गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा येणार आणि मुळात येणारच नाही, हे जगाला सांगायचं त्यांचं काम. त्यातलं तिसरं सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गाडी रद्द झाल्याचं ते इतक्या मायेनं सांगतात, की भांडायला आलेला माणूस खिडकीपाशी येऊन ‘असू दे हो, चालायचंच’ म्हणून परत जातो. आवाज ऐन पंचविशीतला. आवाजाच्या मालकाला मात्र चकचकीत टक्कल आणि अंगात बाराही महिने तोच करडा स्वेटर. एखादी कॉलेजातली मुलगी आवाजाचा माग काढत खिडकीपर्यंत येते, आत डोकावते आणि उगीचच गाडीची वेळ विचारून निघून जाते.

मामांना राग येत नाही. येतो असं ते म्हणतात, पण आम्ही कोणी पाहिलेला नाही. त्यांच्या मुलीनं लहानपणी नवा कप फोडला तेव्हा मामींनी त्यांना रागवायला म्हणून आत पाठवलं. बऱ्याच वेळानं मामा बाहेर आले ते लेकीची माफी मागून. कप टेबलाच्या इतक्या कडेला आपणच ठेवला होता, असं दोघांचं आत ठरलं होतं.

बापाच्या वाटणीचा रागही मग त्या लेकीनंच उचलला. तिला घरात सगळे मिरची म्हणतात. ओला टॉवेल पलंगावर टाकला, चष्मा फ्रिजमध्ये विसरला, बातम्यांवरही उद्घोषणेच्या सुरात मत दिलं, की मिरची मामांना असं काही झापायची की शेजारी आपापले टॉवेल उचलायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे.

गेल्या काही महिन्यांत मात्र मिरचीचा तिखटपणा उतरला होता. टॉवेल पलंगावर पडून राहायचा. फोन आला की ती न्हाणीघरात जायची आणि बाहेर आली की घाईघाईनं चपला घालायची. पोरीला अक्कल आली, असं म्हणत मामी खूश होत्या. मी नव्हते. मी विद्यापीठात ज्या संशोधनावर काम करते त्याचा विषयच हा आहे: प्रेमात पडलेली तरुण पोरं एकमेकांशी कशी वागतात, आणि पाळत, धाक, अपमान, मारहाण हे सगळं नेमकं कुठून सुरू होतं. मिरचीचा एक मित्र आहे हे मला माहीत होतं, तिच्या आईबापांना नव्हतं. मी तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, “ताई, तो काळजी करतो माझी. दातांच्या डॉक्टरला सगळ्यांचेच दात किडलेले दिसतात, तसं झालंय तुझं.” मला हसू आलं आणि रात्रभर वाईटही वाटत राहिलं. ही पोरगी हातची चालली होती, आणि माझं सगळं शिक्षण तिच्यासमोर पालथ्या घड्यावर पाणी ठरत होतं.

आमच्या अभ्यासात तरुण मुलामुलींना एका जोडप्याचं फोनवरचं बोलणं ऐकवायचं होतं. ‘आता बास, मी असते तर फोन ठेवला असता’ असं वाटेल तिथं त्यांनी बटण दाबायचं. त्यासाठी मुलाचा आवाज हवा होता. नाटकातली दोन पोरं येऊन गेली; दोघांनीही पहिल्याच वाक्याला दात खाल्ले. आमच्या प्राध्यापक बाईंनी दोघांनाही परत पाठवलं. गुंडाला कोणीही ओळखतं, म्हणाल्या, मला गोड बोलणारा आणा. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला.

मामांनी संवादांचा कागद वाचला आणि त्यांचं तोंड उतरलं. आपल्या आवाजात असं काय वाईट दिसलं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. विज्ञानासाठी आहे म्हटल्यावर ते तयार झाले आणि आठवडाभर आरशासमोर निर्दय होण्याचा सराव करत राहिले.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मुलीचं काम करणारी नटी घसा बसून घरी राहिली. खोली तेवढ्या दिवसापुरतीच मिळाली होती. बाबांना सोबत म्हणून मिरची आली होती, तिलाच बाईंनी दुसऱ्या माइकसमोर बसवलं. भिंतींना स्पंज, मधे काच, काचेपलीकडे मुद्रण करणारा तंत्रज्ञ, बाई आणि मी. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन.

मामांचं पहिलं वाक्य होतं, ‘कुठे आहेस? कोण आहे बरोबर? फोटो पाठव.’ ते मामांच्या तोंडून आलं ते असं: “कुठे आहेस, बाळा? शक्य असल्यास कृपया फोटो पाठवावा.” तंत्रज्ञानं टेबलावर डोकं टेकलं. पुढं ‘माझ्यावर प्रेम असतं तर तू गेलीच नसतीस’ असं वाक्य होतं. तेवढं मामांनी कसंबसं म्हटलं आणि लगेच माइकवर हात ठेवून लेकीला सांगितलं, गेलीस तरी चालेल हं.

मिरची मात्र पहिल्या झटक्यात बरोबर. ‘सॉरी, चुकलं माझं, निघतेच मी, चिडू नकोस ना.’ बाई खूश झाल्या, काय नैसर्गिक बोलते म्हणाल्या. मी पाहत होते. तिचा कागद मांडीवर उलटा पडला होता.

तेवढ्यात हेडफोनमध्ये घरघर सुरू झाली. मिरचीचा फोन थरथरत होता. तंत्रज्ञानं तो बंद करायला सांगितलं. बंद केला तर फार चिडेल, असं पुटपुटत तिनं तो तिथंच उचलला. “बोल, बाळा, आम्ही थांबतो,” मामा आपल्या पंचविशीतल्या आवाजात म्हणाले. समोरचा माइक चालू होता. फोनमधला आवाज आमच्या सगळ्यांच्या कानांत स्वच्छ आला.

“कुठे आहेस? कोण आहे बरोबर?”

“बाबा आहेत रे. ताईच्या ऑफिसात आलोय.”

“आत्ता कोणीतरी पोरगा बोलत होता. बाबा म्हणे. फोटो पाठव. माझ्यावर प्रेम असतं तर मला न विचारता गेलीच नसतीस.”

मामांनी घाईघाईनं कागद चाळला. एका ओळीवर बोट ठेवलं, काचेतून आमच्याकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “दुसऱ्याला घेतलंत होय? सांगायचं ना आधी, मला राग नसता आला. बोलतो मात्र छान हं. माझ्यापेक्षा कितीतरी छान.”

मिरचीला हसू फुटलं. आधी फिसकन, मग पोट धरून, मग ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते कळलं नाही. फोनमधून ‘हसतेस काय’ असं दरडावणं चालूच होतं. तिनं फोन बंद केला.

“बाबा,” ती म्हणाली, “तो कागद वाचत नाहीये.”

मामांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, आणि मला वाटलं आता तरी हा माणूस रागावेल. पण त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, “माझ्यावर ओरडतेस, तशी त्याच्यावर का नाही ओरडत?”

“तुझी भीती वाटत नाही, म्हणून.”

मामा बराच वेळ स्वेटरचं बटण लावत-काढत राहिले. मग उठले, तिच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढून बसले. बाईंनी खूण केली आणि तंत्रज्ञानं मुद्रण थांबवलं. त्या दिवशी आमचं काम काही झालं नाही. नंतर दुसराच कोणी मुलगा मिळाला, गोड बोलणारा.

ते प्रकरण एका दिवसात मिटलं असं नाही. पोरगा कॉलेजच्या फाटकाशी उभा राहायचा, रडायचा, धमक्या द्यायचा. एकदा मिरचीही विरघळली आणि दोन दिवस पुन्हा न्हाणीघरातून बोलली. मामी तिला कॉलेजात सोडायला जायला लागल्या, आणि पोरीला अक्कल आल्याबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. मामांनी उपदेश केला नाही. ते नेमानं रोज पलंगावर ओला टॉवेल टाकत राहिले. मामींनी तो उचलायला हात घातला की नको म्हणायचे, राहू दे.

परवा संध्याकाळी मला मामांचा फोन आला. बसस्थानकावर रद्द झालेल्या गाडीची बातमी देतात त्याच सुरात बोलत होते, पण मधेच आवाज फाटत होता. मागून मिरचीचं ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं: पलंग म्हणजे काय दोरी आहे का, किती वेळा सांगायचं, या घरात माणसं राहतात की बदकं.

“ऐकतेस ना?” मामा म्हणाले. “टॉवेलावरून चाललंय.”