विहिरीपासून लांब बसलेली आई

जुन्या जालन्यातल्या वाचनालयात व्याख्यानमाला लागली की कांताबाईचे चार दिवस सतरंज्या, खुर्च्या नि चहात जायचे. इतिहास, विज्ञान, साहित्य, पर्यावरण, सगळं तिच्या कानावरून गेलेलं. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्याही तीच गोळा करायची. स्वतःची चिठ्ठी मात्र पंधरा वर्षांत एकदाही टाकली नव्हती.

आज शहराच्या इतिहासावर बोलणाऱ्या सरांनी पडद्यावर एका विहिरीचा जुना फोटो दाखवला. "ही विहीर सगळ्या जातिधर्मांना खुली होती."

कांताबाई किटली धरून तशीच उभी राहिली. विहीर तर तिच्याच गल्लीतली! ती पाच-सहा वर्षांची असताना आई तिथे काठापासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन बसायची. शेजारच्या फरजानाची अम्मी पाणी शेंदून त्यांत ओतायची. मग खुली कशी?

तिने मागच्या रांगेत बसलेल्या फरजानाला कोपराने ढोसलं. "माझ्या आईला तिथं शेंदू देत नव्हते ना गं?"

"काय की बाई. अम्मी तर म्हणायची, तुझ्या आईचे पाय सुजलेले राह्यचे, म्हणून बसायची."

"पाय मागून सुजले. धाकटा पोटात होता तवा."

"मंग मला काय विचारून राह्यली? त्या साहेबाला विचार. आण कागद, मी लिहिते."

कांताबाईला वाचता येत नव्हतं. फरजानाने दिलेला कागद तिने बाकीच्या चिठ्ठ्यांत सरकवला.

अध्यक्ष अप्पारावांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ही उर्दूत आहे. कोणाची?"

फरजाना उर्दू शाळेत शिकलेली. चिठ्ठी वाचणार कोण, हा विचार दोघींनीही केला नव्हता.

"बोल जल्दी," फरजाना हसू दाबत म्हणाली. "पंधरा साल लोकांचेच कागद उचलले."

कांताबाईला वाटलं, पायच सुजले असतील. आईने तर कधी कोणाचं नाव घेतलं नाही. आपण उगाच गल्लीची बदनामी करतोय की काय? पण मग भरल्या घागरी घेऊन ती घरापर्यंत चालायची कशी?

"माझी हाय," ती म्हणाली. "माझी आई तिथं लांब बसायची. भरल्या घागरी घेऊन चालायची, पण काठावर जात नव्हती. ते का?"

सर गोंधळले. "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"मला कळून न्हाई राह्यलं. म्हणून तर विचारलं."

अप्पाराव पुढची चिठ्ठी उघडू लागले. सरांनी त्यांचा हात धरला.