मंजूला मी शिकवलेलं तिसरं रूप

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून होते, तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कदाचित — नाही, कारण वगैरे राहू द्या.

मी इंग्रजीची शिक्षिका आहे. मोहाडीच्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. दरवर्षी तो धडा येतोच. 'हॅव' किंवा 'हॅज' आलं की पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेन्ट, गॉन. राइट, रोट, रिटन. मुलं म्हणतात, बाई एरवी बऱ्या, पण या धड्याला फार कडक. एक रूप चुकलं तरी पुन्हा लिहायला लावतात. त्यांना वाटतं, बाईंना चुका खपत नाहीत. चुका?

माझी धाकटी बहीण मंजू. आम्ही आंधळगावच्या, घरी धानाची शेती, दोघीच बहिणी. मी एम.ए. झालेली, तेही इंग्रजीत. पण माझं इंग्रजी कागदापुरतं. चारचौघांत तोंड उघडलं की जीभ टाळूला चिकटायची. मंजूचं उलट. ती बोलायची — चुकत, हसत, हातवारे करत, पण बोलायची. भंडाऱ्याच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिका हवी होती. आम्ही दोघींनी अर्ज केले. बोलावणं तिला एकटीला आलं.

मी हसले. तिच्या तोंडात पेढा मीच घातला. आणि आत काय झालं ते कसं सांगू? मत्सर म्हटलं तर फारच स्वच्छ वाटतं. आपल्याच ताटातलं कोणी उचलून नेलं, असं काहीतरी. आणि ते माझ्या ताटात कधी नव्हतंच, हेही मला ठाऊक होतं.

मुलाखतीत तिला पाचवीच्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय — तोच. दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ती येऊन बसली.

"ताई, हॅवच्या पुढं गॉन येते ना वं?"

तिला बरोबर येत होतं. एवढं ध्यानात असू द्या. ती फक्त खात्री करून घेत होती.

मी सुपावरून मान वर केली नाही. म्हणाले, "ते जुनं झालं आता. आता दुसरंच रूप चालते. हॅव वेन्ट. हॅव रोट."

"खरंच? मोबाईलवर पाहू काय एकदा?"

"मंग मले कायले इचारून राहिली? पाह्य तुह्या मोबाईलवर."

ती ओशाळली. "नाही वं ताई, तसं नाही." आणि तिनं पाहिलं नाही. मी दुखावेन म्हणून पाहिलं नाही.

मग ती घरभर फिरत पाठ करत राहिली. आय हॅव वेन्ट. शी हॅज रोट. बाबा कौतुकानं ऐकायचे. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी कितीदा बोलू शकले असते? जेवताना, पाणी भरताना, तिची साडी नेसवून देताना. उलट मी एकदा तिचा उच्चार सुधारला. चुकीच्या वाक्यातला उच्चार. म्हटलं, असं म्हण.

आई म्हणाली, एकटी कशाला जाते, ताईला ने. म्हणून मी गेले. वर्गाबाहेर बाकावर बसले. दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. मंजूनं फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं. मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू झाली. एक मुलगी उभी राहिली. "मिस, इट्स गॉन."

मंजू हसून म्हणाली, ते जुनं झालं, बेटा.

मग सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापिका मागे बसल्या होत्या, त्या उठून पुढे आल्या. मंजू घाबरली नाही. उलट तिचा चेहरा — अभिमान होता हो त्या चेहऱ्यावर. म्हणाली, "मॅडम, माझी ताई एम.ए. इंग्लिश आहे. बाहेरच बसली आहे. तिला विचारा ना."

त्या दाराशी आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलंत?"

मी उभी राहिले. "नाही," म्हणाले. "मी हिला गॉनच सांगितलं होतं."

मंजूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर मी आज बरी असते. ती आठवून पाहत होती. आपणच चुकीचं ऐकलं की काय, हे ती मनात तपासून पाहत होती. माझ्यावर संशय घेण्याआधी तिनं स्वतःवर घेतला. तो किती वेळ टिकला, मला माहीत नाही. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

घरी बाबांनी विचारलं, "काय झालं वं?"

"मीच चुकली, बाबा. ताईनं बरोबर सांगतलं होतं."

मी पाणी पीत होते. पेला रिकामा केला, विसळला, पालथा घातला.

त्यानंतर तिनं कुठेच अर्ज केला नाही. अड्याळचं स्थळ आलं, लग्न झालं. नवरा हार्डवेअरचं दुकान चालवतो, माणूस चांगला आहे. पण ती इंग्रजी बोलेनाशी झाली. एक वाक्यसुद्धा नाही. दुकानात बाहेरगावचा कोणी इंग्रजीत बोलू लागला की ती नवऱ्याला हाक मारते. मला पुढे नोकरी लागली. तेव्हा पहिला फोन तिचाच आला होता.

तिनं मला कधी विचारलं नाही — काहून केलं तसं? मी वाट पाहिली. अजूनही तिच्या घरी पाऊल टाकताना वाटतं, आज विचारेल.

मागच्या उन्हाळ्यात गेले होते. तिची मुलगी गौरी आता सहावीत आहे. अभ्यास करता करता तिनं आईला काहीतरी विचारलं. मंजू स्वयंपाकघरातून म्हणाली, "मले नाही येत इंग्रजी. मावशीले इचार."

गौरी माझ्याकडे वळली. "मावशी, आय हॅव सॉ, की आय हॅव सीन?"

आत पोळी लाटायचा आवाज थांबला.

सोपा प्रश्न होता. "सीन," मी म्हणाले.

मग मंजूचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता, मायाही नव्हती, काहीच नव्हतं.

"लिहून घे, बेटा. मावशी बरोबर सांगते."

पोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिनं मला गरम गरम वाढलं, वर तूप घातलं. मी जेवले.